नाव यंत्राचे, पत्ता दाराचा

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यात मुसळधार पाऊस होता. पंतप्रधानांचा त्या दिवशीचा पुणे दौरा पावसामुळे रद्द झाला आणि 'परम रुद्र' मालिकेतील तीन महासंगणकांचे लोकार्पण दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. पुण्याजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी एक, दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रासाठी एक आणि कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रासाठी एक. त्याच कार्यक्रमात हवामान-अंदाजासाठीची 'अर्का' आणि 'अरुणिका' ही दोन यंत्रेही राष्ट्राला अर्पण झाली: पहिले पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत, ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचे. दुसरे नोएडात, ८.२४ पेटाफ्लॉप्सचे. हवामानाच्या महासंगणकांच्या लोकार्पणाचा बेत हवामानानेच बदलावा, हा योगायोग तेव्हा अनेकांच्या नजरेत भरला.

बातम्यांत पेटाफ्लॉप्स होते, कोटींचे आकडे होते. एक गोष्ट कोणत्याही बातमीत नव्हती आणि नसणे स्वाभाविकच होते. महासंगणक हे एक यंत्र नसते. शेकडो सर्व्हरांचा तो समूह असतो. त्यातील प्रत्येक सर्व्हरला बहुधा एकाहून अधिक नेटवर्क कार्डे असतात. एक कार्ड व्यवस्थापनाच्या साध्या इथरनेट जाळ्याला जोडलेले, दुसरे गणिताची देवाणघेवाण करणाऱ्या इन्फिनिबँडसारख्या वेगवान जाळ्याला, आणि यंत्र बंद असतानाही त्याच्यावर लक्ष ठेवता यावे म्हणून तिसरा, वेगळाच मार्ग. प्रत्येक जाळ्यावर त्या सर्व्हरचा पत्ता निराळा. मग एका सर्व्हरने दुसऱ्याला नावाने हाक मारली, तर ती हाक नेमकी कोणत्या दारावर जावी?

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर बहुतेक वेळा काहीही मोडत नाही, आणि अडचण तिथेच आहे. गणित चालते, दिवे लुकलुकतात, त्रुटीचा संदेश येत नाही. फक्त शंभर गिगाबिटच्या वाटेने जायचा मजकूर एका गिगाबिटच्या वाटेने जाऊ लागतो. वादळाचा अंदाज पहाटे हवा असताना तो दुपारी मिळाला, तर गणित बरोबर असूनही अंदाज निकामी ठरतो. चूक शोधायला बसलेला अभियंता प्रथम प्रोसेसरावर संशय घेतो, मग केबलवर, मग आज्ञावलीवर. नावावर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि नावाची ही अडचण पन्नास वर्षांहून जुनी आहे.

अमेरिकेतील अर्पानेट या संगणक-जाळ्यावर सुरुवातीला नावांचा प्रश्न कोणाला मोठा वाटला नव्हता. यंत्रे मोजकीच होती. प्रत्येक केंद्र आपापल्या सोयीने इतर यंत्रांना नावे देई आणि आपली यादी आपणच राखी. एकाच यंत्राला दोन केंद्रांवर दोन नावे पडू लागली, तेव्हा १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी नावे सर्वत्र एकच असावीत असा प्रस्ताव मांडला. १९७३ च्या अखेरीस झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील पीटर डॉइच यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले: प्रत्येकाने स्वतंत्र, शिळी यादी बाळगण्यापेक्षा एकच अधिकृत यादी एका ठिकाणी असावी आणि सर्वांनी ती उतरवून घ्यावी. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालील नेटवर्क माहिती केंद्राने हे काम पत्करले. नवे यंत्र जाळ्यावर आणायचे तर या केंद्राला कळवायचे. मग त्याचे नाव व पत्ता 'होस्ट्स' नावाच्या त्या फाइलमध्ये चढे. संपूर्ण जगाचे जाळे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मावत होते.

ऑक्टोबर १९८३ मध्ये अर्पानेटची विभागणी झाली. लष्करी यंत्रे मिलनेट या वेगळ्या जाळ्यावर गेली. यादी राखणाऱ्या केंद्राच्या संगणकाला मात्र दोन्हीकडे राहणे भाग होते, कारण यादी दोघांनाही हवी होती. तेव्हा त्याचे अर्पानेटवरचे दार १०.०.०.५१ आणि मिलनेटवरचे दार २६.०.०.७३ झाले. जगातल्या सगळ्या यंत्रांची नावे सांभाळणारे यंत्रच एका नावाला दोन पत्ते असलेले यंत्र ठरले. यादीच्या नमुन्यात एका नावापुढे स्वल्पविराम देऊन दोन पत्ते लिहिण्याची सोय होती आणि ती वापरलीही गेली. पण त्या दोहोंपैकी कोणता पत्ता केव्हा निवडायचा, हे यादी सांगत नव्हती.

या गोंधळाचे मूळ यादीत नव्हते, पत्त्याच्या कल्पनेत होते. अर्पानेटवर यंत्राचा पत्ता म्हणजे ते ज्या जोडणी-यंत्राला लावले आहे त्याचा क्रमांक आणि त्यावरील खाचेचा क्रमांक. जाळ्यांच्या इतिहासावर लिहिणारे जॉन डे यांनी नोंदवले आहे की १९७२ मध्येच टिंकर हवाई तळाने सुरक्षिततेसाठी दोन जोडण्या मागितल्या, आणि त्या क्षणी ध्यानात आले की जाळ्याच्या दृष्टीने ती दोन दारे असलेले एक घर नसून दोन वेगवेगळी घरे आहेत. एक तार तुटली तर दुसऱ्या तारेने त्याच यंत्राकडे जावे, हे जाळ्याला कळण्याची सोयच नव्हती.

जुन्या पेठेतील एखादा वाडा डोळ्यांपुढे आणला तर अडचण स्पष्ट होते. पुढचे दार मोठ्या रस्त्यावर, मागचे दार बोळात. माणसे 'अमुक वाडा' या नावानेच वाडा ओळखतात. पण क्रमांकाची पाटी वाड्याला नसून प्रत्येक दाराला स्वतंत्र लावलेली आहे. रस्ता खणून ठेवला असेल तर शेजारी बोळातून आत येतो, कारण वाडा एकच आहे हे त्याला ठाऊक असते. पोस्टमन नवखा असेल आणि हाती फक्त पाटीचा क्रमांक असेल, तर तो खणलेल्या रस्त्यापाशी थांबून पत्र परत नेतो.

१९७८ मध्ये झेरॉक्सच्या जॉन शॉक यांनी हा भेद एका छोट्या टिपणात मांडला. हवे ते काय, हे नाव सांगते; ते कोठे आहे, हे पत्ता सांगतो; तेथे कसे जायचे, हे मार्ग सांगतो. एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर यांनी १९८२ मध्ये तो अधिक काटेकोर केला. त्यांच्या मते जाळ्यात चार निरनिराळ्या गोष्टींना नावे लागतात: सेवा, ती सेवा चालवणारे यंत्र, ते यंत्र जाळ्याला जेथे चिकटते ते ठिकाण आणि दोन ठिकाणांमधील वाट. सेवा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता यावी, यंत्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता यावे, आणि तरी वरच्या पातळीवरचे नाव बदलू नये. इंटरनेटच्या आयपी पत्त्याने मात्र यंत्र आणि चिकटण्याचे ठिकाण यांत भेद ठेवलाच नाही. आयपी पत्ता म्हणजे दाराची पाटी. वाड्याला पाटीच नाही.

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. एकच यादी सर्वांनी उतरवून घेण्याऐवजी नावांचा वृक्ष करावा आणि प्रत्येक फांदीची जबाबदारी त्या त्या संस्थेकडे द्यावी, ही तिची कल्पना. यादीच्या आकाराचा प्रश्न तिने कायमचा सोडवला. एका नावाला अनेक पत्ते देण्याची मुभा तिच्यातही होती. परंतु नाव विचारले की पत्त्यांचा संच मिळे. त्या संचातील पत्ते एकाच यंत्राची दोन दारे आहेत की दोन वेगळी यंत्रे, हे उत्तरात नसे. आजही नसते.

याच सुमारास बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये एक लहानसा निर्णय झाला, ज्याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतो. १९८३ च्या ४.२ आवृत्तीत, नाव देऊन पत्ता मिळवण्यासाठी प्रोग्रॅमकर्त्यांना जी रचना उपलब्ध होती, तिच्यात पत्त्यासाठी एकच जागा होती. १९८६ च्या ४.३ आवृत्तीत डीएनएसचा पाठिंबा आला आणि त्या एका जागेची यादी झाली. मग जुन्या प्रोग्रॅमांचे काय? ते मोडू नयेत म्हणून जुने नाव तसेच ठेवले गेले, आणि त्याचा अर्थ 'यादीतील पहिला पत्ता' असा ठरवण्यात आला. सोय निर्दोष होती; पण तिच्यामुळे एक सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली. नाव विचारायचे, पहिला पत्ता उचलायचा, बाकीच्यांकडे पाहायचेही नाही. १९८९ च्या मानकाने सुचवले की अनेक पत्ते मिळाले तर स्वतःच्या लगतच्या जाळ्याची माहिती वापरून त्यांचा क्रम लावावा. तेवढे कष्ट सर्वच प्रोग्रॅमांनी घेतले नाहीत. पुढे डीएनएस सर्व्हर भार वाटण्यासाठी पत्त्यांचा क्रम दर वेळी फिरवू लागले, आणि मग 'एकदा लागते, एकदा लागत नाही' हे दोन कार्डांच्या सर्व्हरचे ओळखीचे दुखणे जन्माला आले.

भारतात ही सगळी चर्चा पोहोचली ती कागदावर नव्हे, तारेवर. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये एर्नेट हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, दिल्लीतील खुद्द विभाग आणि मुंबईच्या जुहू भागातील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, हे त्यातील आठ सहभागी. डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखालील एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियाशी ९,६०० बिट प्रतिसेकंद वेगाची भाड्याची तार जोडली गेली, आणि त्याच वर्षी ८ मे रोजी भारताला 'डॉट इन' हे स्वतःचे क्षेत्रनाम मिळाले. त्याची नोंदवही दीर्घकाळ जुहूतच राहिली. २००५ मध्ये ती राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजकडे गेली.

त्या काळच्या ईमेल पत्त्यांत एनसीएसटीच्या यंत्रांची 'शक्ती', 'संगम', 'साथी' अशी नावे दिसत. पत्ते अंकांतले आणि परके, नावे मात्र घरची. देशातील जाळे आणि परदेशाकडे जाणारी तार यांच्यामध्ये उभे असलेले कोणतेही गेटवे यंत्र निदान दोन दारांचे असतेच. म्हणजे बहुपत्त्याचा प्रश्न भारतीय इंटरनेटच्या पहिल्याच उंबरठ्यावर हजर होता.

एर्नेटच्या कहाणीतील खरी लक्षणीय बाब मात्र दुसरीच आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या तारांवर दोन भाषा बोलल्या जात. एक टीसीपी-आयपी, आणि दुसरी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची ओएसआय पद्धत. ओएसआय आज विद्यार्थ्यांना सात थरांच्या आकृतीपुरती ठाऊक असते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. पण तिच्या जाळे-थरात पत्ता यंत्राला होता, कार्डाला नव्हता. दोन कार्डे लावा किंवा चार, यंत्राचा पत्ता एकच. कोणत्या दाराने आत शिरायचे, ते मार्ग ठरवणाऱ्या यंत्रणेने पाहून घ्यायचे. वाड्याला पाटी असलेली व्यवस्था अस्तित्वात होती, आणि जिच्या घरात ती होती ती भाषा भारतीय तारांवरून धावत होती.

ती टिकली नाही. १९९२ मध्ये आयपी पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर इंटरनेटच्या वास्तुरचना मंडळाने ओएसआयचाच जाळे-थर आधारासाठी घ्यावा असे सुचवले. प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांत त्यावरून मोठा असंतोष उसळला. समित्यांनी कागदावर रचलेली पद्धत आपल्या चालत्या जाळ्यावर लादली जाते आहे, अशी त्यांची भावना होती. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. प्रस्ताव मागे पडला. आयपीच्या सहाव्या आवृत्तीने पत्त्यांची संख्या अफाट वाढवली, पण पत्ता कार्डाचाच राहील, यंत्राचा नाही, हे तत्त्व तिच्या मानकात स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. एर्नेटवरची वाहतूकही १९९५ नंतर जवळपास सगळी टीसीपी-आयपीवर आली. हजारो अभियंत्यांचे रात्रीचे जागरण त्या निवडीत आधीच लिहिले गेले होते, ही गोष्ट त्या वेळी वादाच्या गर्दीत हरवली.

त्या जागरणांची तऱ्हा साधारण सारखीच असते. सर्व्हरला आपले नाव विचारले तर तो अचूक सांगतो. मग एखादा प्रोग्रॅम त्या नावावरून स्वतःचाच पत्ता शोधायला जातो. लिनक्समध्ये प्रथम पाहिली जाते ती यंत्रावरचीच 'होस्ट्स' फाइल. फाइनलर यांच्या यादीची ही थेट वंशज. डेबियन आणि उबंटू या वितरणांत, यंत्राला कायमचा पत्ता नसला तरी नाव सुटावे म्हणून, तेथे यंत्राच्या नावापुढे १२७.०.१.१ असा आतल्या आत फिरणारा पत्ता लिहिलेला असतो. घरच्या संगणकावर ही सोय उत्तम. समूहातील सर्व्हरवर मात्र प्रोग्रॅम हाच पत्ता इतरांना 'माझ्याकडे या' म्हणून कळवतो, आणि ऐकणारे प्रत्येक यंत्र स्वतःच्याच दारावर टकटक करत बसते. मोठ्या विदेसाठीच्या काही प्रसिद्ध प्रणालींच्या माहितीपत्रकांत याविषयी खास इशारा छापावा लागला.

अशा वेळी शोध घेणारा बहुधा 'एनएसलुकअप' चालवतो, उत्तर बरोबर येते आणि तो अधिकच गोंधळतो. कारण ते साधन सरळ डीएनएस सर्व्हरलाच विचारते. यंत्रावरच्या फाइलकडे ते बघतच नाही. प्रोग्रॅमाला जे उत्तर मिळते तेच पाहायचे असेल तर 'गेटेंट' वापरावे लागते, कारण ते फाइल आणि डीएनएस यांचा यंत्राने ठरवलेला क्रम पाळते. दोन साधनांच्या उत्तरांत फरक दिसला की निम्मे निदान तेथेच होते.

उरलेले निम्मे बहुधा कोणाला विचारायचे या प्रश्नात असते. नाव-सर्व्हरांचे पत्ते ज्या फाइलमध्ये असतात, तिच्यात जुन्या प्रथेने तीनच पत्ते मोजले जातात, आणि कोणता पत्ता कोणत्या कार्डासाठी, हे लिहायला जागा नाही. दोन्ही कार्डांना आपोआप पत्ता मिळण्याची सोय चालू ठेवली असेल तर दुसरे कार्ड जागे होताच पहिल्याची नोंद पुसून जाऊ शकते. मग आतल्या यंत्राचे नाव बाहेरच्या सर्व्हरला विचारले जाते. तो 'असे नाव नाही' असे ठामपणे सांगतो, आणि तो नकार अंतिम मानला जाऊन पुढच्या सर्व्हरला कोणी विचारत नाही. विचारलेला सर्व्हर त्या दाराने गाठताच येत नसेल तर ठामपणाऐवजी शांतता मिळते. ही शांतता बहुधा पाच सेकंदांची किंवा पाचाच्या पटीतली असते, कारण वाट पाहण्याची ठरीव मुदतच पाच सेकंद आहे. लॉगिन करताना दर वेळी तेवढाच विलंब जाणवला, तर अनुभवी माणूस प्रोसेसराकडे वळत नाही. तो नावांच्या फाइली उघडतो.

या अडचणींवर मलमपट्ट्या पुष्कळ झाल्या. २००३ मध्ये अनेक पत्त्यांतून एक निवडण्याचे सविस्तर नियम ठरले. त्यांतील एक नियम असा, की बाकी सारे समान असेल तर स्वतःच्या पत्त्याशी सुरुवातीचे अधिकाधिक अंश जुळणारा पत्ता घ्यावा. अंकांचे साम्य म्हणजे जवळीक, हे गृहीत आयपीच्या चौथ्या आवृत्तीत फारसे खरे नव्हते. परिणामी भार वाटण्यासाठी मुद्दाम फिरवलेले पत्ते काही यंत्रांवर पुन्हा एकाच सर्व्हरवर कोसळू लागले. २०१२ मध्ये ते नियम सुधारून पुन्हा लिहावे लागले. त्याच वर्षी, अनेक कार्डे असलेल्या यंत्राने कोणत्या नावासाठी कोणत्या दारावरच्या नाव-सर्व्हरला विचारावे यासाठीही स्वतंत्र मानक निघाले. अलीकडच्या लिनक्समध्ये प्रत्येक कार्डासाठी वेगळे नाव-सर्व्हर नोंदवता येतात. विंडोजच्या नव्या आवृत्त्या तर सर्व दारांवर एकाच वेळी विचारतात. उत्तर लवकर मिळते, पण आतल्या यंत्रांची नावे बाहेरच्यांच्याही कानी पडतात.

महासंगणकांच्या दालनात मात्र व्यवस्थापकांनी फार जुना उपाय पसंत केला आहे. तेथे नाव एक आणि दारे अनेक, असा खेळ सहसा चालू देत नाहीत. दारागणिक नाव वेगळे ठेवतात: सर्व्हरचे साधे नाव इथरनेटच्या पत्त्याला, आणि त्याच नावाला 'आयबी' असा प्रत्यय जोडून झालेले दुसरे नाव वेगवान जाळ्याच्या पत्त्याला. ही सारी नावे पुष्कळदा डीएनएसमध्येही ठेवत नाहीत. मुख्य सर्व्हरवर एक साधी मजकुराची फाइल असते आणि तिची प्रत समूहातील प्रत्येक यंत्रावर पाठवली जाते, जशी ती कधीकाळी कॅलिफोर्नियाहून साऱ्या अर्पानेटवर जात असे. अर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. त्याचे दहा क्रमांकाचे जाळे रिकामे झाले आणि पुढे ते जगभरच्या खाजगी जाळ्यांसाठी मोकळे सोडण्यात आले. म्हणून या फाइलमधील ओळी आजही बहुधा १० या अंकानेच सुरू होतात, आणि एखाद्या दालनात १०.०.०.५१ हा पत्ता कोणत्यातरी सर्व्हरच्या दोन दारांपैकी एका दारावर लावलेला असू शकतो.